लांबवलेलं अपडेट: विंडोज १० वरून ११ वर जातानाचे पंचवीस दिवस

सप्टेंबरच्या शेवटी माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी बोलता बोलता मध्येच थांबून विचारलं, "हे सगळं तुम्ही कम्प्युटरवर लिहून ठेवता ना? ते सुरक्षित असतं?" मी लगेच "हो" म्हटलं. त्या पुढे बोलू लागल्या, पण माझं मन त्या "हो"पाशीच अडकलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अपग्रेडची सूचना कित्येक महिन्यांपासून येत होती आणि दर वेळी मी ती "नंतर" म्हणून बंद करत होते.

मी समुपदेशक आहे. प्रत्येक भेटीनंतर मी टिपणं लिहिते, आणि माझ्या लॅपटॉपवर सर्वांत मोलाचं काही असेल तर ती टिपणं. ती माझी नाहीत, ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांची आहेत. त्यामुळे अपडेटबद्दलची माझी भीती आळसातून आलेली नव्हती. माझ्यासारखेच घाबरून थांबलेले बरेच जण असतील, म्हणून जे केलं ते जसं घडलं तसं लिहिते आहे.

भीती दोन होत्या. पहिली, चालू असलेलं काही बंद पडेल ही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कंपनीच्या एका जुन्या लॅपटॉपवर, अपडेटनंतर माइक बंद पडला होता. माइकच्या ड्रायव्हरचा, म्हणजे माइक चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा घोळ होता, दोन दिवसांत सुटला, पण तेवढ्यात मला तीन ऑनलाइन भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यातली एक अशा मुलाची होती, ज्याने फार धीर करून वेळ घेतली होती. ते मी विसरलेले नाही. शिवाय ऑक्टोबर २०१८ ची बातमीही डोक्यात होती: विंडोज १० चं त्या महिन्यातलं मोठं अपडेट २ तारखेला आलं, काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या, म्हणून ते थोड्याच दिवसांत थांबवावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त होऊन पुन्हा आलं.

दुसरी भीती खासगीपणाची. नवी प्रणाली काय काय कळवते, कोणाला कळवते, माझी टिपणं त्यात जातात का? लोक सांगत होते की विंडोज ११ दर थोड्या वेळाने स्क्रीनचे फोटो काढते. नुसतं ऐकून पोटात गोळा आला होता.

आणि म्हणून मी जुन्याच प्रणालीवर थांबले होते. खासगीपणा जपण्यासाठी. त्या बाईंच्या प्रश्नानंतर मला पहिल्यांदा जाणवलं की न टाकलेल्या अपडेटची किंमत मी कधी मोजलीच नव्हती.

ती मोजायला मला वॉनाक्राय या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने शिकवलं. विंडोजमधली जी फट वापरून तो हल्ला झाला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलेलं होतं. हल्ला झाला १२ मे ला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. दीडशेहून जास्त देशांतली यंत्रं त्यात सापडली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९,००० भेटी आणि उपचार रद्द झाल्याचं तिथल्या लेखापरीक्षकांनी नंतर नोंदवलं. तीन भेटी रद्द झाल्या म्हणून अपडेट टाळणारी मी, हा आकडा वाचून बराच वेळ गप्प बसले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला नाही, त्या दिवशी काहीच घडलं नाही, आणि हेच फसवं आहे. सगळं आदल्या दिवशीसारखं चालू राहतं; फक्त इथून पुढे सापडणाऱ्या फटी बुजवायला कोणी येत नाही.

एक मधला मार्ग होता. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळत राहतील अशी वाढीव योजना घरगुती वापरकर्त्यांसाठी आहे. मी तिचे नियम वाचले. तिच्यात सामील व्हायला मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं. मी आजवर लॅपटॉपपुरतंच लोकल अकाउंट वापरत आले आहे आणि ते सोडायचं नव्हतं. शिवाय वर्षभराने पुन्हा तिथेच येऊन उभी राहिले असते. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचाही विचार केला, पण टिपणं ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत तो विंडोजवरच चालतो. मग अपग्रेड करायचं ठरलं. त्याला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो वेळ.

१ नोव्हेंबर, शनिवार. 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच छोटं अॅप टाकलं. विंडोज ११ ला चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. माझा लॅपटॉप २०१९ च्या शेवटचा, इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे अगदी उंबरठ्यावरचा. सगळ्यांसमोर हिरव्या खुणा आल्या. टीपीएमचं उत्तर "नाही" आलं तर लगेच निराश होऊ नका; पुष्कळ यंत्रांत ती चिप असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बंद ठेवलेली असते.

रात्री भाच्याला फोन केला. तो याच क्षेत्रात आहे. मला वाटलं तो म्हणेल, "बटण दाब, होऊन जाईल." त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, बॅकअप कधी घेतलायस शेवटचा?" मार्चमध्ये. "आणि बिटलॉकर चालू आहे का? त्याची रिकव्हरी की कुठे आहे?"

बिटलॉकर म्हणजे सगळी डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय. टिपणांसाठी मी ती फार पूर्वी चालू केली होती. किल्लीचा कागद मात्र कुठे ठेवला होता ते आठवेना. रात्री साडेअकरापर्यंत कपाटं शोधली. सापडला नाही.

सुदैवाने लॅपटॉप चालू असेपर्यंत किल्ली पुन्हा काढता येते. कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरच्या पानावर 'बॅक अप युवर रिकव्हरी की' असा पर्याय असतो. किल्लीची फाइल त्याच कुलूपबंद डिस्कवर ठेवू दिली जात नाही, आणि ते बरोबरच आहे. मी ती एका पेनड्राइव्हवर घेतली आणि कागदावरही उतरवून काढली.

ही किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी सवयीने देवनागरी आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी भाच्याने सांगितलं, "प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर घे आणि कागदावरचा एकेक गट तपास." सहा गट बरोबर निघाले. सातव्याला बाकी उरली. मूळ फाइल काढून ताडून पाहिलं तर माझा एक आणि नऊ सारखेच दिसत होते आणि मी स्वतःच नऊचा एक वाचला होता. आठवा गट बरोबर होता. तो सगळा कागद फाडून टाकला आणि पुन्हा लिहिला, या वेळी एक आणि नऊच्या शेपट्या नीट ओढून. किल्ली हाताने उतरवणार असाल तर ही ११ ची परीक्षा जरूर घ्या. एखादा आकडा चुकला तरी ती पकडते.

२ नोव्हेंबर, रविवार. बॅकअप. माझ्याकडे १४० जीबी होते आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायला तीन तास दहा मिनिटं लागली. ती डिस्कही आधी बिटलॉकरनेच कुलूपबंद केली. टिपणं लॅपटॉपवर बंदोबस्तात आणि बॅकअप उघड्यावर, असं मी आधी वर्षानुवर्षं केलं होतं, हे लिहिताना वाईट वाटतंय.

बॅकअप झाल्यावर मी डिस्क काढली नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या बारा फायली बॅकअपमधून उघडून पाहिल्या. दहा उघडल्या. दोन उघडल्या नाहीत, कारण टिपणांच्या प्रोग्रॅमने त्या चालू असताना धरून ठेवल्या होत्या. प्रोग्रॅम बंद करून तेवढा फोल्डर पुन्हा घेतला. उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं मानायचं नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले.

२०१८ मध्ये फायली कुणाच्या पुसल्या गेल्या तेही याच दिवशी नीट वाचलं. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, पण जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या जागच्या फायली गेल्या. माझेही फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेले आहेत. ती चूक दुरुस्त होऊन सात वर्षं झाली, तरी मी जुनी जागा उघडून पाहिली. तिथे २०२० ची अकरा टिपणं पडून होती. हलवली.

३ ते ७ नोव्हेंबर. भेटी संपल्यावर रोज तासभर वाचन. विषय एकच: माहिती कोणती जाते?

आधी स्क्रीनच्या फोटोंचं. त्या सोयीचं नाव रिकॉल. ती २० मे २०२४ ला जाहीर झाली, सुरक्षा अभ्यासकांनी सडकून टीका केली, मग जूनमध्ये ती लांबणीवर पडली आणि आपणहून चालू केल्याशिवाय चालणार नाही असा बदल झाला. ती फक्त 'कोपायलट प्लस' वर्गातल्या नव्या यंत्रांवर चालते, ज्यांत सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा प्रोसेसर लागतो. माझ्या २०१९ च्या लॅपटॉपवर ती येऊच शकत नाही. ज्या भीतीपायी मी सर्वांत जास्त झोप घालवली होती, ती माझ्या यंत्राला लागूच नव्हती. नवीन यंत्र घेतलेल्यांनी मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद आहे ना, हे स्वतः पाहावं.

खरी लक्ष देण्याची गोष्ट दुसरी होती: डायग्नॉस्टिक डेटा, म्हणजे यंत्र स्वतःच्या कारभाराबद्दल मायक्रोसॉफ्टला पाठवतं ती माहिती. यात दोन पातळ्या असतात, रिक्वायर्ड आणि ऑप्शनल. पहिलीत यंत्राची माहिती, अपडेट नीट बसलं की नाही, कुठे चूक झाली असं जातं, आणि होम किंवा प्रो आवृत्तीत ती पूर्ण बंद करता येत नाही. दुसरीत कोणती अॅप किती वापरली, एज ब्राउझरमध्ये कोणत्या साइट पाहिल्या, हेही येतं. आणि त्यात एक वाक्य असं होतं की मी खुर्चीत सरळ होऊन बसले: प्रोग्रॅम कोसळला तर त्या क्षणाची मेमरी पाठवली जाऊ शकते, आणि त्यात तुम्ही वापरत असलेल्या फाइलचे तुकडे नकळत असू शकतात.

माझ्यासाठी तो तुकडा म्हणजे कोणाच्या तरी लहानपणाबद्दलचा एखादा परिच्छेद. मी लगेच माझ्या विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये गेले. तिथे ऑप्शनल चालू होतं. बहुधा पहिल्याच दिवशी, सेटअपच्या वेळी, न वाचता "अॅक्सेप्ट" केलेलं. म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून मी नवी प्रणाली टाळत होते, ती जुन्या प्रणालीवर सहा वर्षं माझ्याच संमतीने चालू होती. त्या रात्री ती बंद केली, त्याच पानावरचं 'डिलीट डायग्नॉस्टिक डेटा'चं बटणही दाबलं. बराच वेळ तशीच बसून राहिले.

या बाबतीत नुसतं ओरडण्याने काही होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. फ्रान्सच्या सीएनआयएल या माहितीसंरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये विंडोज १० बद्दल मायक्रोसॉफ्टला जाहीर नोटीस दिली. जून २०१७ मध्ये ते प्रकरण मिटलं तेव्हा सर्वांत खालच्या पातळीवर गोळा होणारी माहिती जवळपास निम्म्याने कमी झालेली होती. आज आपल्याला सेटिंग्जमध्ये जे स्पष्ट पर्याय दिसतात, ते अशाच पाठपुराव्यातून आलेले आहेत. ते वापरायला हवेत.

८ नोव्हेंबर, शनिवार. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने अपग्रेडआधी बायोस नवा करायला सांगितलं होतं. चार्जर लावला, फाइल चालवली. दोनदा स्क्रीन काळी झाली, पंखा जोरात फिरला, आणि मग निळ्या पडद्यावर अक्षरं आली: बिटलॉकर रिकव्हरी. किल्ली घाला.

हात गार पडले. भाच्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, काही बिघडलेलं नाही. बायोस बदलला ना, म्हणून यंत्र तूच आहेस का ते विचारतंय. पडद्यावर किल्लीचा आयडी दिसतोय? त्याची पहिली आठ अक्षरं तुझ्या कागदावरच्या आयडीशी जुळतात का बघ."

जुळत होती. मी कागद दिव्याखाली धरला आणि एकेक गट मोठ्याने वाचत टाइप केला. फोनवर तो ऐकत होता. सातव्या गटाशी आल्यावर मी थांबले, तो नऊ पुन्हा पाहिला, मग टाकला. एंटर दाबल्यावर पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही. मग ओळखीचा पडदा आला. आदल्या शनिवारी तो प्रश्न त्याने विचारला नसता तर माझ्या हातात फक्त आठवड्यापूर्वीचा बॅकअप आणि एक बंद डिस्क उरली असती.

नंतर त्याने सांगितलं की हा पडदा टाळताही येतो. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरच्या पानावर 'सस्पेंड प्रोटेक्शन' करायचं. काम झाल्यावर चालू झालं आहे ना, ते पाहायचं. किल्ली हाताशी आहे म्हणजे पुरे, असं मला वाटलं होतं. तुम्ही दोन्ही करा.

११ नोव्हेंबर, मंगळवार. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मी मुद्दाम त्यानंतरचा शनिवार धरला. तीन-चार दिवसांत मोठा घोळ असेल तर कळतो, कंपनीच्या 'रिलीज हेल्थ' पानावर माहीत असलेल्या अडचणींची यादीही येते. तेवढ्या दिवसांत धोका फार वाढत नाही. दोन महिने आणि चार दिवस यांत फरक आहे, आणि मी आजवर त्यांना एकच समजत होते.

या दिवसांत एका ओळखीच्यांनी जुलै २०२४ ची आठवण काढली. "तेव्हा एका अपडेटने जगभरची विमानतळं बंद पाडली होती ना?" १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली हे खरं, पण ते विंडोजचं अपडेट नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरने घेतलेली सदोष फाइल होती. मोठ्या संस्थांत ते सॉफ्टवेअर असतं, माझ्या लॅपटॉपवर नाही. भीतीचं नाव बरोबर घेतलं की ती आपल्याला लागू आहे की नाही ते ठरवता येतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी सात वाजता सुरुवात. पुढच्या सोमवारपर्यंत एकही भेट ठेवली नव्हती आणि ज्यांच्या वेळा हलवल्या त्यांना आठवडाभर आधी कळवलं होतं. बॅकअप पुन्हा ताजा केला. डिस्कवर ३१ जीबीच मोकळे होते, ते जुने व्हिडिओ काढून ५४ केले. प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, सगळं काढून ठेवलं.

डाउनलोडला एक तास पन्नास मिनिटं. बसवायला दोन तास पाच मिनिटं, त्यात तीन वेळा रीस्टार्ट. ६२ टक्क्यांवर आकडा पंचवीस मिनिटं हलला नाही. त्या वेळी बटण दाबून बंद करण्याचा मोह फार होतो. करू नका. मी उठून बाहेर फेरी मारून आले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नवा पडदा आला. लोकल अकाउंट तसंच राहिलं होतं. सर्वांत आधी टिपणं उघडली, होती. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'चं पान वरपासून खालपर्यंत वाचत गेले, पाऊण तास लागला. ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा बंदच आला होता. जाहिरातींसाठीचा आयडी आणि टायपिंगच्या सुधारणेसाठी नमुने पाठवणं बंद केलं. कॅमेरा आणि माइक कोणत्या अॅपना मिळतात ती यादी पाहिली आणि भेटींच्या अॅपखेरीज बाकी सगळी काढली. सेटअप पूर्ण करा, खातं जोडा अशी विचारणा अधूनमधून येते. नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी 'अॅडिशनल सेटिंग्ज'मध्ये ती थांबवता येते.

मग भाच्याने सुचवलेली एक गोष्ट केली. 'डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर' नावाचं अॅप आहे, आपल्या यंत्रावरून काय पाठवलं जातं ते त्यात दिसतं. त्याला एक जीबीपर्यंत जागा लागते. ते चालू करून दोन दिवस नेहमीसारखं काम केलं आणि सोमवारी रात्री उघडलं. डावीकडे घटनांची लांबलचक यादी, उजवीकडे कंसांनी भरलेला मजकूर. बहुतेक कळत नव्हता. पण वर शोधायची चौकट होती. मी टिपणांत वारंवार येणारी तीन नावं एकेक करून तिथे शोधली. काही आलं नाही. टिपणांच्या फोल्डरचं नाव शोधलं. तेही नाही. हा काही पक्का पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण लोक काय म्हणतात यापेक्षा माझ्याच यंत्रात माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी पहिल्यांदा माझ्याकडे होतं. मग ते अॅप बंद केलं.

१७ ते २० नोव्हेंबर. अडचण आलीच. झाकण मिटून पुन्हा उघडलं की वायफाय जायचं. मंगळवारी एका ऑनलाइन भेटीच्या मध्ये, मी पाणी प्यायला उठून आल्यावर, तसंच झालं. चार मिनिटं गेली. समोरची व्यक्ती समजूतदार होती, तरी माझ्या मनात तो जुना माइक आणि तो मुलगा आला.

परत जायचा रस्ता उघडा होता. अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी' पानावर 'गो बॅक' हे बटण असतं, कारण जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये राखलेली असते. डीआयएसएम या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र पहिल्या १० दिवसांतच ती द्यावी लागते. आणि तोवर डिस्क क्लीनअपने तो फोल्डर पुसायचा नाही.

मी बुधवारी स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' असं शोधून 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडली. यात यंत्राला रोज १ ते १० मधले गुण दिलेले दिसतात आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. विंडोजच्या घटकांवर फुली एकही नव्हती. वायफाय कार्डाच्या प्रोग्रॅमवर तीन होत्या. म्हणजे दुखणं एका ड्रायव्हरचं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची खूण काढली. थोडा फरक पडला. गुरुवारी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ साठीचा नवा ड्रायव्हर घेतला, आणि त्यानंतर वायफाय गेलं नाही. हा ड्रायव्हर मी १५ तारखेच्या आधीच उतरवून ठेवायला हवा होता.

२५ नोव्हेंबर. दहावा दिवस. 'गो बॅक'चं बटण उघडून थोडा वेळ पाहिलं आणि पान बंद केलं. मुदत वाढवली नाही.

पुढच्यासाठी एवढं ठरवलं आहे: मासिक अपडेट आलं की तीन दिवस थांबायचं, शुक्रवारी रात्री टाकायचं. महिन्याच्या शेवटी 'प्रीव्ह्यू' म्हणून येणारी ऐच्छिक अपडेट घ्यायची नाहीत. 'नवीन अपडेट लगेच मिळवा' हे बटण बंद. भेटींचे तास 'अॅक्टिव्ह अवर्स'मध्ये, म्हणजे त्या वेळात यंत्र अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होणार नाही. कधी फारच अवघड आठवडा असेल तर पॉज करता येतं, पाच आठवड्यांपर्यंत, पण ते संपण्याची तारीख वहीत लिहायची. ९ डिसेंबरचं पहिलं अपडेट मी १२ तारखेला टाकलं. सतरा मिनिटं लागली.

त्या बाई पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा मी आपणहून विषय काढला. म्हटलं, "सप्टेंबरमध्ये तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी घाईने उत्तर दिलं. आता नीट सांगते." डिस्कला कुलूप आहे, बॅकअपलाही आहे, अपडेट वेळेवर होतात, काय पाठवलं जातं ते मी कमीत कमीवर आणलं आहे, आणि कुलपाची किल्ली एका कागदावर आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो कागद कुठे असतो?"

तो लॅपटॉपच्याच बॅगेत होता. ८ नोव्हेंबरपासून तिथेच राहिलेला. मी त्यांना तसंच सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तो काढून कपाटातल्या कुलपाच्या कप्प्यात ठेवला.